मुलांना किडे पाहू द्या

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस वाशीम जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला आणि पडीत शेतात मखमलीसारखे तांबडेलाल किडे फिरताना दिसू लागतात. मोठी माणसे त्या वेळी बियाणे, खत आणि वापसा यांच्या विवंचनेत असतात. ‘मिरगाचा किडा निघाला’ एवढे म्हणून ती पुढे जातात. परंतु त्यांच्यामागून चालणारे चार-पाच वर्षांचे मूल तेथेच उकिडवे बसते. बोट हलकेच लावले की किडा पाय आखडून घेतो आणि थोडा वेळ गेला की पुन्हा चालू लागतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते त्याने स्वतः पाहून, दोनदा-तीनदा करून, खात्रीने ठरविलेले असते. एवढ्यात मागून हाक येते, ‘चाल बरं लवकर, काय किडे पाहून राह्यला!’

ही हाक आपल्या गावांतून रोज ऐकू येते आणि ती मायेपोटीच असते. तरीही ती बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेतातील बारीक जीव पाहण्याची मुलाची ओढ ही रिकामपणाची खोड नव्हे. उद्याच्या शेतकऱ्याला जी नजर हवी आहे, तिची ती पहिली उगवण आहे. ही उगवण खुडून टाकावयाची आणि पुढे वीस वर्षांनी त्याच माणसाला ‘पिकाचे निरीक्षण करा’ असा उपदेश करावयाचा, यात विसंगती आहे.

पाहणे हाच शेतीचा पहिला धडा

आपल्या जिल्ह्यात खरिपात सोयाबीन आणि तूर, कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या भागांत पऱ्हाटी, आणि रब्बीत हरभरा ही मुख्य पिके होत. या प्रत्येक पिकाच्या संरक्षणाचा आरंभ फवारणीपासून होत नसून पाहण्यापासून होतो. सोयाबीनवरील चक्रीभुंग्याचेच उदाहरण घ्या. त्याची मादी देठावर किंवा खोडावर जवळजवळ दोन वलये कुरतडते आणि त्यांच्यामध्ये अंडे घालते. वलयाच्या वरचा भाग सुकून मान टाकतो. हिरव्यागार तासात एकच पान लोंबताना दिसते. या टप्प्यावर तो भाग खुडून नष्ट केला तर आतील अळी पुढे खोड पोखरीत जात नाही. परंतु ते एकच लोंबते पान दिसले पाहिजे! लांबून उभ्या उभ्या शेत न्याहाळणाऱ्याला ते दिसत नाही. वाकून, थांबून पाहण्याची ज्याला सवय आहे त्यालाच ते दिसते; आणि वाकण्याची व थांबण्याची सवय लहान मुलाइतकी कोणालाच नसते.

सन २००८ च्या खरिपात महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनची अपरिमित हानी केली. त्या अनुभवानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी जावयाचे, झाडे निवडून किडींची मोजणी करावयाची, नोंद करावयाची आणि त्या नोंदीवरून सल्ला द्यावयाचा, ही तिची पद्धत आहे. शास्त्रीय भाषा बाजूला ठेवली तर याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी शेतात जाऊन नीट पाहावे आणि मोजावे. कीड ‘आर्थिक नुकसानीच्या पातळीवर’ पोहोचली की नाही, हे मोजल्यावाचून समजत नाही; आणि न मोजता केलेली फवारणी अनेकदा खिशाला व शेताला दोन्हीकडून बाधक ठरते.

मित्र कोण आणि शत्रू कोण

आपल्या बोलण्यात ‘किडा’ आणि ‘कीड’ हे शब्द इतके जवळ आले आहेत, की दिसला किडा तो शत्रू, अशीच समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः शेतात जे शेकडो जीव वावरतात त्यांपैकी पिकाला खरा उपद्रव देणारे थोडे. बाकीच्यांत कित्येक आपले राखणदार, कित्येक सफाई कामगार आणि कित्येक केवळ वाटसरू असतात.

ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगा, पाठीवर ठिपके असलेला आणि दिसण्यात गोजिरवाणा असतो. तो मावा खातो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याची अळी पाहिली तर ती याच किड्याची असेल असे कोणालाही वाटत नाही. ती लांबट, काळपट, अंगावर नारिंगी ठिपक्यांची आणि काहीशी काटेरी असते. पऱ्हाटीच्या किंवा करडईच्या माव्याने भरलेल्या शेंड्यावर ती फिरताना दिसली की शेतकरी तिलाच नुकसान करणारी अळी समजून चिरडतो. खरे पाहता ती दिवसभर मावाच फस्त करीत असते. तीच गत क्रायसोपाची. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाशी मोहरीहून लहान पांढरट अंडी उभी असतात. ती बुरशी नव्हे, रोगही नव्हे. ती आपल्या रक्षकाची अंडी होत. मृगाच्या ज्या लाल किड्याने लेखाचा आरंभ झाला, त्याचे पाय मुलाने मोजले तर ते आठ भरतात. म्हणजे तो खऱ्या अर्थाने कीटक नसून कोळ्याच्या गोत्रातील आहे. कीटकाचे पाय सहा. हा लाल जीव पिकाला तोंडही लावीत नाही. मातीतील बारीक जीव आणि किड्यांची अंडी खाऊन तो राहतो.

मित्र आणि शत्रू यांतील भेद न पाहिल्याची किंमत किती मोठी असते, हे इंडोनेशिया देशाने अनुभवले आहे. तेथे भातावर तपकिरी तुडतुड्यांचा वारंवार उद्रेक होऊ लागला. फवारण्या वाढविल्या तसतसा उद्रेकही वाढत गेला, कारण तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर भक्षक कीटक औषधाने आधी मरत आणि तुडतुडे पुन्हा जोमाने वाढत. अखेर १९८६ साली त्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली. १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. त्या शाळांतील एक पाठ फार सोपा होता. काचेच्या बरणीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात कीड आणि दुसरा एखादा जीव एकत्र ठेवावयाचे आणि कोण कोणाला खातो ते आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे. तीच शेतीशाळा पुढे आपल्याकडेही आली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून वाशीम जिल्ह्यातील गावांतही ती भरविण्यात आली. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की मोठ्या शेतकऱ्यांना जो पाठ मुद्दाम शिकवावा लागला, तो आपले मूल रिकाम्या बाटलीत मुंगळा आणि अळी एकत्र घालून आपण होऊनच करीत असते.

ज्यांनी मुलांच्या पाहण्याचे मोल जाणले

मुलांचे हे पाहणे शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच झालेले आहे. श्रीमती ताराबाई मोडक आणि श्रीमती अनुताई वाघ यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांकडे शाळेनेच जावे, या विचारातून त्यांनी मुलांच्या अंगणात अंगणवाडी भरविली आणि जी मुले गुरे राखावयास जात त्यांच्यासाठी माळावर कुरणशाळा काढली. पाने, बिया, शिंपले, खडे, फुले हेच तेथील शिक्षणाचे साहित्य होते. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज प्रत्येक गावात रूढ आहे. १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर गेला. परंतु त्या शब्दामागे अंगण होते, म्हणजे उघडे आकाश आणि पायाखालची माती होती, हे विसरून चालणार नाही. मुलांना चार भिंतींत बसवून फलकावरील फुलपाखरू दाखवावयाचे आणि दाराबाहेरच्या तरोट्यावर बसलेले फुलपाखरू मात्र दाखवावयाचे नाही, हे त्या मूळ विचाराला धरून नाही.

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या बालपणातील प्रसंगही बोलका आहे. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी निराळी का, हा प्रश्न घेऊन तो मुलगा मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून संग्रहातील पक्षी दाखविले. त्याच मुलाने पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. आज पक्षी मारणे नीतीलाही धरून नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही नाही. परंतु या प्रसंगातील बोध वेगळाच आहे. मुलाच्या प्रश्नाला एका मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या प्रश्नाइतकाच मान दिला, एवढ्यानेच केवढे काम झाले!

आपल्या गावात हे काम करावयास संग्रहालयाची गरज नाही. निंदण करणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या बायांना, गुराख्यांना आणि जुन्या सालदारांना किती जीवांची नावे आणि सवयी ठाऊक असतात, हे त्यांना विचारल्यावरच समजते. वनाधिकारी आणि लेखक श्री. मारुती चितमपल्ली यांचे २०२५ साली निधन झाले. त्यांनी विदर्भातील जंगलांत आयुष्याचा मोठा काळ घालविला आणि तेथील रहिवाशांच्या तोंडची पक्ष्यांची नावे व माहिती आदराने टिपून ठेवली. आजीला ठाऊक असलेले नाव नातवाला समजले नाही, तर ते नाव आजीबरोबरच जाते.

आक्षेपांचा विचार

‘किडे पाहून पोट भरत नाही, पोराने अभ्यास करावा,’ असे काही पालक म्हणतील. त्यांची चिंता रास्त आहे. परंतु मोजणे, वर्गवारी करणे, आधी अंदाज बांधून मग पडताळणे, पाहिलेले शब्दांत सांगणे, हा अभ्यासच होय. वळचणीखालच्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे खळगे असतात. त्यांच्या तळाशी एक लहानशी अळी दबा धरून बसते आणि घसरून पडणारी मुंगी पकडते. मूल तेथे गवताची काडी फिरवून ती अळी वर येते का, याची वाट पाहते. शहरातील मुलाला जे साधन पैसे मोजून मिळते, ते आपल्या मुलाच्या दारात आहे.

दुसरा आक्षेप असा, की मुले जिवांचे हाल करतात. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडविणारी मुले प्रत्येक गावात आढळतात. येथे नुसते रागे भरून भागत नाही. चतुर उडता उडता डास पकडतो आणि त्याची पिल्ले पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात, हे मुलाला सांगावे. पळसाच्या पानावर बसलेला चतुर दोऱ्याशिवायही किती वेळ न्याहाळता येतो, ते दाखवावे. ज्याचे काम कळले त्याला छळावेसे वाटत नाही, असा अनुभव आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोही आणि रानडुकरे यांच्या उपद्रवाने शेतकरी रात्ररात्र जागतो. त्याला वन्यजीवांवरील प्रेमाचा उपदेश रुचणार कसा? हे दुःख खरे आहे आणि त्यावर कुंपण, भरपाई इत्यादी उपाय स्वतंत्रपणे झालेच पाहिजेत. तथापि कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळविटापुरताच ‘वन्यजीव’ हा शब्द मर्यादित नाही. उंदीर खाणारी बिनविषारी धामण, डवऱ्यामागे चालणारा गायबगळा, गुराच्या पाठीवरून झेप घेऊन किडे टिपणारा कोतवाल, आणि गोगलगायी खाणारी काजव्याची अळी, हेही वन्यजीवच होत. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना काजव्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

भय खरे आहे, म्हणून बंदोबस्त हवा

मुलांना शेतात मोकळे सोडा, असे सरसकट सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. सर्वांत मोठे भय किड्यांचे नसून औषधांचे आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष धट्टाकट्टा माणूस सोसू शकला नाही, ते लहान मुलाच्या अंगावर किती सहज परिणाम करील! म्हणून फवारणी चालू असता मूल शेतात नसावे. फवारलेल्या शेतात, लेबलावर सांगितलेला काळ लोटेपर्यंत, त्याला नेऊ नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, पंप मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नये आणि रिकामे डबे पाण्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नयेत. डब्यावरील लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा आणि हिरवा त्रिकोण त्यामानाने सौम्य विषाचा असतो, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे.

दुसरे भय सापाचे व विंचवाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची ओळख मुलाला चित्रावरून करून द्यावी. बिळात, दगडाखाली, कुटाराच्या ढिगात हात घालू नये, अनवाणी फिरू नये, केसाळ अळी आणि गांधीलमाशी यांना हात लावू नये, हे नियम गोष्टीसारखे पुन्हा पुन्हा सांगावेत. सर्पदंश झालाच तर चिरा न घेता, आवळून न बांधता, मांत्रिकाकडे वेळ न दवडता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. भीती घालून मुलाला घरात कोंडण्यापेक्षा काय शिवावे आणि काय शिवू नये हे शिकविणे अधिक सुरक्षित आहे. न शिकविलेले मूल एक दिवस एकटेच बिळाशी जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सूचना

या कामासाठी वेगळा निधी किंवा आदेश यांची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी प्रत्येक गावात सहज करता येतील.

पहिली गोष्ट, प्रत्येक गावात एखाद्या जाणत्या शेतकऱ्याचा एक धुरा मुलांसाठी राखावा. त्यावर तणनाशक मारू नये आणि उन्हाळ्यात तो पेटवू नये. मुले येणार त्या दिवसांत लगतच्या तासांवरही फवारणी नसावी. अशा धुऱ्यावर गवत, तरोटा, रानफुले राहतात आणि त्यांच्या आश्रयाने मधमाश्या, कोळी व ढालकिडे टिकतात. हा धुरा मुलांइतकाच पिकालाही उपयोगी पडतो, कारण बीजोत्पादनाच्या कांद्याला, सूर्यफुलाला आणि वेलवर्गीय भाज्यांना परागीभवनासाठी हेच पाहुणे लागतात.

दुसरी गोष्ट, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांना बरोबर घेऊन मुलांचा एक तासाचा फेरा काढावा. एक मोठे माणूस पुढे आणि एक मागे असावे. प्रत्येक जिवाविषयी तीनच प्रश्न विचारावेत. त्याला पाय किती? ते काय खाते? त्याला कोण खाते? उत्तर आधी सांगू नये. मुलांना पाहू द्यावे, चुकू द्यावे, पुन्हा पाहू द्यावे.

तिसरी गोष्ट, माव्याने भरलेली एक डहाळी आणि ढालकिड्याची एक अळी रुंद तोंडाच्या बाटलीत घालून वर पातळ कापड बांधावे आणि ती शाळेत ठेवावी. दुसऱ्या दिवशी किती मावा उरला ते मुलांनी मोजावे आणि नंतर अळी जेथून आणली तेथेच सोडावी. ही बाटली मुलाने घरी नेऊन वडिलांना दाखविली, तर जे काम आपल्या पत्रकांनी होत नाही ते होऊन जाईल.

चौथी गोष्ट, शेतात पक्षीथांबे लावण्याची शिफारस आपण करतोच. एकरी आठ-दहा काठ्यांपैकी एक-दोन मुलांच्या हातून लावाव्यात. कोणता पक्षी बसला, किती वेळा खाली झेपावला, हे त्यांनी लांबून पाहावे. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर आढळली तर त्यांना हात न लावता भोवती चार काटक्या रोवाव्यात आणि डवरणी करणाऱ्याने तेवढी जागा वाचवावी. टिटवी कोठे अंडी घालते त्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची जुनी रीत गावोगाव आहे. तो अंदाज खरा ठरो वा न ठरो, त्या निमित्ताने घरधनी आणि मूल एकाच जागी वाकून पाहतील, हाही लाभच होय.

शेतकरी बंधू-भगिनींनो, औषधाच्या दुकानात मिळणारी प्रत्येक बाटली विकत घ्यावी लागते. मुलाची नजर तशी नाही. ती घरातच असून तिला फक्त आपला वेळ हवा आहे. या मृगात मूल लाल किड्याजवळ थांबले तर दोन क्षण आपणही त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘पाय किती रे त्याचे?’ आणि मुलगी असेल तर तिलाही तितक्याच आवडीने विचारा, कारण उद्याच्या शेतातील निरीक्षणाचा मोठा भाग तिच्याच हाती असणार आहे.